गुळाच्या डब्यावरचा हात

सुट्टीवर आलेला लेक परत अमेरिकेला जाताना चिलीच्या मसाल्याचं एक पाकीट ठेवून गेला होता. आज हिने ते उघडलं. चिली म्हणजे तिकडचा दाटसर राजमाच म्हणायचा. तो दर रविवारी पातेलंभर करतो आणि आठवडाभर पुरवतो.

तयार मसाला हिने कधी जसाच्या तसा वापरलेला नाही. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, गुळाचा खडा आणि चिमूटभर गोडा मसाला पडायचाच. परकी चव घरच्या वळणावर आणल्याशिवाय हिला चैन पडत नाही. माया म्हणतात ती हीच, असं मी आजवर समजत होतो.

आजही राजमा रटरटू लागला तसा हिचा हात सवयीने गुळाच्या डब्याकडे गेला. झाकण निघालं आणि हात तिथेच थांबला.

मी चमचाभर चाखून पाहिलं. आंबट, जरासं कडवट. म्हटलं, "अगं, खडाभर गूळ घाल की!"

"नको," झाकण घट्ट लावत ती म्हणाली, "तो तिथे काय खातो, ते तरी कळू दे."