बावीस पानांची भांडी

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी बायकोचे दोन्ही पंजे उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, घरात भांडी कोण घासतं? प्रश्न विचारताना त्या तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, हीच. त्यांनी चष्म्यावरून पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मलमाचं नाव लिहून दिलं. हात पाण्यातून आणि साबणातून बाहेर काढले नाहीत तर हे मलम लावायचा काही उपयोग नाही, असंही सांगितलं. तिच्या बोटांना पेरापेरावर भेगा पडल्या होत्या. मिठाला हात लागला की ती डोळे मिटून घ्यायची. चाळीस वर्षं त्या हातचं जेवलो आणि भेगा मला दिसल्या त्या डॉक्टरांच्या टेबलावर. याची मला लाज वाटली, अजून वाटते.

मसुऱ्याजवळच्या आमच्या वाडीत भांड्यांना बाई मिळत नाही. ज्या कधीकाळी मिळाल्या असत्या त्या सगळ्या काजूच्या कारखान्यात जातात, आणि बरं करतात. रबरी हातमोजे आणले, तर तिच्या हातून दोन कपबशा सुटल्या आणि मोजे खुंटीला गेले. मग मीच भांडी घासायला बसलो. तीन दिवस घासली. चौथ्या दिवशी मागच्या दारी गेलो तर बाईसाहेब मी घासलेली कालवणाची मातीची तवली परत घासत होत्या, फडक्यात बोटं गुंडाळून. माशाचा वास राहिला होता म्हणे. त्या दिवशी ठरवलं, भांडी धुवायची मशीन घ्यायची, आणि गणेशचतुर्थीच्या आत घ्यायची.

मशीन हा माझा प्रांत. तीस वर्षं मी भाताची गिरण चालवली. पट्टा, मोटर, व्होल्टेज यांतलं मला कोणी शिकवू नये, अशी माझी समजूत आहे. मुलाने मुंबईहून फोनवर चार मशीनची चित्रं पाठवली आणि म्हणाला, बाबा, एक सांगा, घरपोच येईल. मी म्हटलं, गिरण काय मी चित्र बघून घेतली होती? वही काढली, उभ्या रेघा मारल्या आणि चारही मशीन एकेका रकान्यात बसवल्या. पाणी किती पितात, आवाज किती करतात, लाईट मध्येच गेली तर होतं तिथून पुढे चालतात की पहिल्यापासून सुरू होतात. बायको घासते तेव्हा पाणी किती लागतं तेही मी बादलीने मोजलं. दोन वेळचं मिळून सात बादल्या. मशीनला एक पुरते म्हणे. बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, पण मग भांड्याच्या माडाला काय घालायचं?

भांड्याचा माड म्हणजे मागच्या दारचा. विहिरीजवळ भांडी घासायचा दगड, आमची फातर, आहे, तिथून चिरेबंदी पाट थेट त्याच्या आळ्यात जातो. घराभोवतीच्या आवाटातले बाकीचे माड कधी रुसले तरी हा रुसत नाही, कारण याला आमच्या तीन पिढ्यांचं उष्टं पाणी मिळालं आहे. लहानपणी मी त्याच्या सावलीत बसून आईला भांडी घासताना बघत असे. चुलीतली राख, नारळाच्या सोडणाचा बोळा, तांब्यापितळेला चिंच. साबणाची वडी पुढे आली, हातांची वाट लागली ती तेव्हापासून, असं बायको म्हणते. मला ते पटतं, पण राखेने आईचे हात काही मखमली झाले नव्हते हेही मला आठवतं.

आणि चतुर्थी! आमच्या घरात कोणत्याही वस्तूचं माप चतुर्थीवर ठरतं. पाण्याची टाकी घेतली ती चतुर्थीला पुरेल अशी. पडवीला फरशी घातली तेव्हा गवंड्याला मी सांगितलं होतं, एका ओळीत अकरा पाट बसले पाहिजेत. दोन ओळींत बावीस. आई, आम्ही तीन भाऊ, आमच्या बायका, मुलं, बहीण, भावोजी, असे सगळे मिळून आम्ही बावीस. बावीस माणसांची पंगत उठली की मागच्या दारी जावाजावांची रांग लागायची. एक घासणार, एक विसळणार, एक पुसून पालथं घालणार, आणि आई स्टुलावर बसून कोणाचं चुकतं ते बघणार. आम्ही पुरुष पडवीत सुपारी कातरत बसलेलो. मागून हसण्याचा असा काही लोंढा यायचा की आमचं बोलणं थांबायचं. कशावर हसतात हे आम्हाला कधी कळलं नाही. मी बायकोला रात्री विचारत असे, ती सांगत नसे.

त्या गर्दीत पेल्यांचा गोंधळ व्हायचा. पाणी प्यायला प्रत्येक जण नवा पेला घेई आणि कुठेतरी ठेवून देई. मग एका वर्षी आईने बाजारातून एकसारखे बावीस स्टीलचे पेले आणले आणि दुकानदाराकडून प्रत्येकावर एकेक नाव कोरून घेतलं. ज्याने त्याने आपल्याच पेल्यातून प्यायचं, हरवला तर ओंजळीने. सगळ्यात लहान नातवाचं नाव लांबलचक होतं, ते पेल्याला वेढा घालून परत सुरुवातीला येऊन मिळालं होतं. आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

पुढे पंगत बारीक होत गेली. मधला भाऊ वारला, त्याची मुलं परदेशी. बहिणीचे गुडघे. कोणाची सुट्टी, कोणाची परीक्षा. तरी धाकटा भाऊ मात्र न चुकता यायचा. तोही गेल्या वर्षी आला नाही. त्याने डोंबिवलीच्या घरी स्वतःचा दीड दिवसाचा गणपती आणला. आमच्याकडे मूळ घरचा गणपती एकच, भावाने वेगळा आणला की घर दुभंगलं असं लोक समजतात. मी लोकांपेक्षा जास्त समजलो. फोनवर त्याला नको ते बोललो आणि त्यानंतर धड बोललोच नाही. त्याचा फोन आला की मी बायकोकडे देत असे. तो आधी माझी चौकशी करायचा, आणि मी समोर बसून आहे हे ठाऊक असून ती म्हणायची, बरे आसत.

तर आम्ही दोघं कणकवलीला मशीन बघायला गेलो. मी वही घेतली होती आणि पाण्याच्या बाटलीत आमच्या विहिरीचं पाणी. दुकानातल्या तरुण विक्रेत्याने त्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली, रंग बघितला आणि म्हणाला, काका, पाणी जड आहे, मशीनमध्ये वेगळं मीठ घालावं लागेल. खाडीच्या काठी राहतो, उन्हाळ्यात विहीर खारटते म्हणून आयुष्यभर रडलो, आणि आता वर मीठ विकत घ्यायचं! मी हे त्याला सांगितलं. तो बिचारा हसला. मग तो म्हणाला, अॅल्युमिनियम काळं पडतं, पितळेची चमक जाते, लोखंडी तव्याला गंज चढतो, लाकडी डाव तडकतो आणि मातीची तवली तर घालूच नका. मी वहीत एकेक लिहीत गेलो. आमचं अर्धं स्वयंपाकघर नापास झालं. बिघडलं तर मेकॅनिक कुठून येणार, असं विचारलं, तर कोल्हापूरहून. म्हणजे पावसात फोंडाघाटात दरड कोसळली की आमची मशीन घाट मोकळा होईपर्यंत मुकी.

एवढं सगळं विचारून झाल्यावर गाडी अडली ती आकारावर. दुकानात दोनच होत्या. एक आठ जणांच्या भांड्यांची, ओट्यावर बसणारी. दुसरी सोळा जणांची, कपाटाएवढी. विक्रेत्याने विचारलं, घरात माणसं किती?

"बावीस," मी म्हटलं.

तो मोठ्या मशीनकडे वळला. मला खरं काय ते कळत होतं. गिरणीत मी गिऱ्हाइकांना कायम सांगत आलो की पायली-दोन पायल्या भातासाठी गिरण चालू करायला लावू नका, रिकामी चालवली की यंत्र स्वतःलाच खातं. त्याच न्यायाने दोघांची ताटं-वाट्या त्या कपाटात भरायला चार दिवस लागले असते आणि तोवर घरभर वास सुटला असता. पण छोटी घ्यायची म्हणजे आता कोणी येणार नाही असं आपल्या तोंडाने म्हणायचं, तेही कणकवलीच्या दुकानात, पैसे मोजून. ते माझ्याने होईना. मी मोठीचे गुण सांगू लागलो. विक्रेत्याला सांगायचे राहिलेले गुणही मीच सांगितले.

बायको इतका वेळ स्टुलावर हात पदराखाली घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "चतुर्थीक आमी केळीच्या पानार जेवतांव. थंय ताटां खंय आसतत?"

मी वही मिटली.

"आनी भाताचो टोप ह्या मोठ्या मशिनीतव मावाचो नाय. माका ल्हान व्हयी. दोघांची."

एवढ्या रेघा मारल्या, सात बादल्या मोजल्या, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. बावीस माणसं आली असती तरी ती केळीच्या पानावर जेवली असती आणि पानं गुरांपुढे गेली असती. पंगतीचा टोप तर दोन माणसांनी उचलायचा, तो कुठल्याच मशीनमध्ये गेला नसता. ज्यांच्यासाठी मी कपाट घेऊन चाललो होतो त्यांना त्याची कधीच गरज नव्हती. विक्रेत्याने तोंड फिरवून हसू लपवलं. मी छोटीवर बोट ठेवलं.

परतीच्या वाटेवर मी तिला विचारलं, मागच्या दारी तुम्ही सगळ्या जणी बसायचात ते आठवतं का? मला वाटलं तिलाही ते दिवस परत हवेसे वाटत असतील.

"हसणां आठवता," ती म्हणाली. "भांडी नाय आठवणत."

मग बऱ्याच वेळाने तिने सांगितलं की त्या हसायच्या ते आमच्यावरच. विशेषतः माझ्यावर. गिरणीच्या गोष्टी मी सांगायचो त्याची नक्कल धाकटी जाऊ फार छान करायची. चाळीस वर्षांचं कोडं सुटलं आणि ते सुटलं नसतं तरी चाललं असतं.

आठ दिवसांनी मशीन बसवून झाली. वाटाघाटी अशा झाल्या की ताट-वाट्या मशीन धुणार, आणि तवली, तवा, टोप मी. मागच्या दारी, फातरीवर, म्हणजे माडालाही त्याचं मिळेल. माशाचा वास जाईपर्यंत घासायचं हे मी आता शिकलो आहे, चिंच लावून.

पहिल्या दिवशी दुपारी जेवणं झाली. तिने दोन ताटं, चार वाट्या, दोन पेले जाळीत मांडले. आठ जणांच्या मशीनमध्येही ते एवढंसंच दिसत होतं. मी दार लावायला गेलो तर म्हणाली, थांबा, आणि मला शिडी धरायला लावून माळ्यावर चढली. वरून तिने एक गाठोडं खाली दिलं. उघडलं तर आईचे पेले. धूळ बसलेली, काहींच्या तळाला कोळ्याची जाळी. एकाच जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेले, बावीस.

मी म्हटलं, हे कशाला?

"रिकामी चालवू नये, तुमीच म्हणतास मा?"

तिने पेले एकेक करून पालथे घातले. बारा वरच्या जाळीत, दहा खाली ताटांच्या फटींत. शेवटचा बसेल की नाही अशी मला धास्ती होती, पण बसला. मशीन घरघरायला लागली. गिरणीपुढे तो आवाज म्हणजे काहीच नाही, तरी आम्ही दोघं समोर पाटावर बसून राहिलो, गिरणीत तांदळाची वाट बघत माणसं बसत तसे.

दार उघडलं तेव्हा पेले अजून गरम होते. तिने हात कोरडे ठेवायचे म्हणून पेले मीच पुसायला घेतले. एकेक नाव वाचत होतो. आईचं. मधल्याचं. बहिणीचं. लांबलचक नावाच्या नातवाचं, तो आता दाढी ठेवतो. धाकट्याचा पेला हातात आला आणि मी पुसायचा थांबलो. त्याच्या पेल्याला कडेला पोचा आहे. लहानपणी नव्हे, चांगला दोन मुलांचा बाप असताना त्याने तो विहिरीत पाडला होता आणि आईच्या धाकाने मीच गळ टाकून वर काढला होता.

मी फोन मागितला. बायकोने लावून दिला. धाकट्याने सवयीने विचारलं, वयनी, दादा बरो आसा मा?

"मी बोलतंय," मी म्हटलं.

 चतुर्थीला यायचं तिकीट काढलंस का, हे मला विचारायचं नव्हतं. त्याच्या गणपतीबद्दल बोललो त्याची माफी मागायची होती, पण ती मला नीट मागता येत नाही, कधीच आली नाही.

"तुझो पेलो धुवन ठेवलो आसा," मी म्हटलं.

"आवशीन नाव घातलेलो?"

"तोच. पोचो पडलेलो." मग म्हटलं, "तुझो दीड दिवसाचो गणपती पोचव आनी मगे ये. नायतर जमात तेवा ये. पेलो हंयच आसा."

फोन मी कानाला तसाच धरून ठेवला. बायकोने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि उरलेले पेले तीच पुसू लागली. हात कोरडे ठेव म्हणून मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही.