अठरा हजारांचं घर

"मॅडम, एफडी आजच मोडायची. पोरगा खाली गाडीत थांबलाय आन् तिथं नो पार्किंग हाय," गायकवाड घाईत म्हणाले.

माझं ऑफिस नारायण पेठेत, तिथं दुसरं काय असणार! गायकवाड पिंपरीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून जे हाती आलं, ते सगळं त्या एफडीत. त्यातलं निम्मं हिंजवडीत आयटीत असलेल्या मुलाला फ्लॅटसाठी द्यायचं होतं.

गेली सव्वीस वर्षं मी गुंतवणुकीचा सल्ला देते. खरं सांगू? आता कंटाळा येतो. लोक घरून ठरवून येतात, माझ्याकडून फक्त "बरोबर आहे" ऐकायचं असतं.

तरी एक पद्धत मी सोडलेली नाही. नवरा-बायकोला दोन वेगळे कागद देते. घराला महिन्याला किती लागतात ते लिहायचं, एकमेकांचं बघायचं नाही. निवृत्तीचं सगळं गणित या एकाच आकड्यावर उभं असतं.

"लिहायचं काय त्यात? अठरा हजार," गायकवाड म्हणाले. "दर एक तारखेला हिच्या हातात ठेवतो. सहा वर्षांत एक रुपया वाढवावा लागला न्हाई. निम्म्या एफडीचं व्याज आन् माझी पेन्शन मिळून तेवढे येत्यातच की."

सहा वर्षांत गॅस कितीला गेला, हे बहुधा त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांच्या पत्नी सुमनताईंनी कागद पुढ्यात ओढला. उजव्या मनगटाला पट्टा होता, पेन नीट धरता येत नव्हतं. त्यांनी सावकाश लिहिलं, एकतीस हजार.

"अगं, वरचे तेरा कुठनं आणलेस?"

"पोळ्यांचे."

घरामागच्या हॉस्टेलला त्या रोज पहाटे उठून दोनशे पोळ्या लाटून देत.

"ते तुझ्या हातखर्चाला व्हते ना?"

"कसला हातखर्च, अहो? तुमच्या गोळ्या, लाइटबिल, आला-गेला. मागितले असते, तर तुम्ही ओव्हरटाइम करत बसला असता."

"आणि आता?" मी विचारलं.

"तीन महिने झाले, बंद केल्या. डॉक्टर म्हणाले, हात कामातून जाईल. भिशी लागली होती, त्यावर भागवतेय. अजून दोन महिने निघतील."

मला गायकवाडांचा राग आला. त्यांचं तोंड बघून तो फार वेळ टिकला नाही.

मी हिशोब मांडला. अख्ख्या एफडीचं व्याज आणि पेन्शन मिळून जेमतेम एकतीस होत होते. म्हणजे एफडी मोडून निम्मी दिली असती, तर तिसऱ्या महिन्यापासून घरात तेरा हजारांचं भगदाड पडलं असतं. आणि ते बुजवायला सुमनताई पुन्हा पोळपाटाशी बसल्या असत्या, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

गायकवाडांनी मुलाला फोन लावला. "फ्लॅट लहान बघ. एफडी मोडत न्हाई. का ते आईला विचार. मलाबी आजच कळलं."

जिना उतरताना त्यांनी बायकोच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

माझी त्या दिवशीची कमाई शून्य. धडा जुनाच: घरखर्च देणाऱ्याला विचारू नये, भागवणाऱ्याला विचारावा.

पुढच्या एक तारखेला गायकवाडांचा फोन आला.

"मॅडम, एकतीस दिले. हिनं पयल्यांदाच माझ्यासमोर मोजून घेतले. म्हणाली, पाचशे कमी हायत."

"होते का कमी?"

"व्हते."