शेजारची सीट

माझं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं, ते माझ्याच तोंडाळपणामुळे. अंबरनाथला स्कूटरवर मोबाइल कानाला लावून चाललो होतो. हवालदारानं अडवलं, तर मी त्यालाच वाहतुकीचे नियम शिकवायला लागलो. उल्हासनगरच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वीस वर्षं मास्तरकी केल्याचा माज होता, दुसरं काय! घरी नोटीस आली तेव्हा माज उतरला, आणि तोंड आयुष्यात पहिल्यांदा बंद राहिलं. मालकांना सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

स्कूटर झाकून ठेवली आणि बेलवलीच्या घरून रिक्षानं निघू लागलो. शिकवणं मात्र चालूच ठेवलं. स्टिअरिंग असतं शिकणाऱ्याच्या हातात. मी डावीकडे बसतो, माझ्या पायाशी जादा क्लच आणि ब्रेक असतो, एवढंच. म्हणजे गाडी मी चालवतच नाही, मग लायसन्सचा संबंध काय? आमच्या धंद्यातल्या कुणालाही हे पटलं असतं. दिवसभर गाडीत बसूनही आपण गाडी चालवत नाही, असंच आम्ही समजतो.

त्या दिवसांत चामटोलीच्या एक बाई शिकायला येत. नवऱ्याची पाठ मोडली होती आणि दुधाची पिकअप दारात उभी होती. त्यांचं दूध घेणारे उल्हासनगरचे मिठाईवाले थांबायला तयार होते, पण बाईंची टेस्ट होईपर्यंतच. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाकडून स्टिअरिंगला नमस्कार करून घेतो आणि एक नियम पाठ करून घेतो: शिकाऊ लायसन्सवर एकट्यानं गाडी चालवायची नाही, शेजारी लायसन्सवाला हवा. बाईंनी दोन्ही मनापासून केलं. रोज गियर टाकण्याआधी त्या विचारायच्या, "मास्तर, तुमी हाय ना बाजूला?"

"मग काय भूत बसलंय? क्लच सोडा!" मी खेकसायचो.

खेकसायचो खरा, पण उत्तर देताना खिडकीबाहेर बघायचो. पोलीस दिसला की मी वाकून बुटाची लेस बांधायचो. गाडीतून उतरावं तर नोकरी जाणार, बसून राहावं तर प्रत्येक चौकात जीव टांगणीला. त्या सीटवर मी इतकी वर्षं ऐसपैस बसलो होतो, आता तिथे अंग चोरून बसू लागलो. तरी सकाळ झाली की जाऊन बसायचोच.

टेस्टला चार दिवस उरले असताना अंबरनाथच्या एमआयडीसी रस्त्यावर एक मोटारसायकल उलट्या बाजूनं आली. बाईंनी गाडी वळवली, मी ब्रेक दाबला, तरी धक्का लागलाच. त्या माणसाचं मनगट मोडलं. "चूक माझीच," असं तो स्वतःच म्हणत होता. पोलीस ठाण्यात बाईंनी शिकाऊ लायसन्स पुढे केलं. हवालदारानं बघून मान डोलावली.

"मास्तर, तुमचं?"

"घरी राहिलंय."

"टेन्शन नको, नंबर बोला. ऑनलाइन सगळं दिसतं."

नंबर मला तोंडपाठ होता. त्यानं मोबाइलवर टाकला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "काय मास्तर, हे तर सस्पेंड आहे! आता केस या बाईंवर पण बनणार ना." एवढ्यात त्याला आत बोलावलं.

"म्हंजे काय?" बाईंनी मला विचारलं.

सांगायला मीच उरलो होतो. ज्याचं लायसन्स बंद, त्याला कायदा शेजारी बसलेला धरत नाही, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी हातातलं शिकाऊ लायसन्स उलटसुलट करून पाहिलं.

"म्हंजे इतके दिस मी एकलीच व्हते?"

मला शरम वाटली.

कोर्टात मी म्हणालो, गाडी मी चालवत नव्हतो. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, ब्रेक कुणाच्या पायाखाली होता? दंड झाला, निलंबन वाढलं, विमा कंपनीनं हात वर केले, मालकांनी काढून टाकलं. मला दोषी ठरवण्यापुरती गाडी मी चालवत होतो, आणि बाईंना वाचवण्यापुरता मात्र शेजारी नव्हतो. त्यांच्या केसला तारखांवर तारखा पडल्या, टेस्ट लांबली. मिठाईवाल्यांनी दुसरा दूधवाला धरला. शेवटी पिकअप विकली गेली.

परवा बदलापूरला शेअर रिक्षात बसलो, तर शेजारी त्याच बाई. एमआयडीसीत पॅकिंगला जाते, म्हणाल्या. माफी मागायला मी तोंड उघडलं आणि समोर टेम्पो आडवा आला. माझा उजवा पाय सवयीनं जोरात खाली दाबला गेला. रिक्षावाल्यानं गाडी सावरली.

बाई माझ्या पायाकडे बघत होत्या.

"काढा तो पाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "तिथं काय बी नाय."