सिंकपाशी येणाऱ्या मुंग्या

विजेच्या कामात माझी तीस वर्षं गेली, आणि त्यातली निदान वीस तरी 'आपल्याला सगळं कळतं' या समजुतीत गेली. वारज्याच्या एका जुन्या सोसायटीने घरोघरचं वायरिंग तपासायला मला बोलावलं, तेव्हाही मी त्याच तोऱ्यात होतो. शेजारच्या इमारतीत शॉर्ट सर्किटने आग लागली होती, त्यामुळे सगळ्यांना एकदम जाग आली होती. सेक्रेटरी फाइल घेऊन माझ्याबरोबर फिरत होते. मी बोलायचं, त्यांनी प्रत्येक घरापुढे 'ठीक' किंवा 'बदला' लिहायचं आणि शेवटी मी सही ठोकायची.

पहिल्या मजल्यावरच्या एका घरी सासू-सुना दोघीच होत्या. सून हिंजवडीच्या कंपनीचं काम घरूनच करत होती. मी बूट काढायला वाकलो तर म्हणाली, "राहू द्या हो, लादी पुसायचीच आहे अजून." सासूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं.

"इथे नळाला हात लावला की मुंग्या येतात," त्या म्हणाल्या. "सहा महिने झाले."

"आईंना शुगर आहे," सून मागून म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, मुंग्या येणारच. मीही इथेच भांडी विसळते, मला कधी काही नाही झालं."

सिंकवर छोटा गीझर होता. त्यातून नळापर्यंत धातूचा पाइप आलेला. मी पालथा हात नळाला टेकवला. जुन्या वायरमन लोकांची ही खोड. टेस्टर खिशात असतो आणि खिशातच राहतो. मला काहीच जाणवलं नाही.

"काही नाही हो काकू, शुगरचंच असणार," मी म्हणालो. वर हसलोसुद्धा. सेक्रेटरींनी 'ठीक' लिहिलं. काकूंनी नुसता पदराला हात पुसला.

तिसऱ्या मजल्यावर एका आजोबांनी मला उंबऱ्यातच अडवलं. "बूट बाहेर. चालत आलात, उडत नाही." मी निमूटपणे बूट-मोजे काढले. गार लादीवर पाय टेकला आणि मी तिथेच थबकलो. खाली मी जाड रबरी तळाचे बूट घालून उभा होतो. सुनेच्या पायात रबरी स्लिपर होत्या. काकू तेवढ्या अनवाणी होत्या, कारण स्वयंपाकघरात देव होते. नळात करंट असेल तर तो जमिनीत जायला वाट फक्त त्यांच्यातून होती. हे मला कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

तेव्हाच खाली धावायला हवं होतं. मी धावलो नाही. सेक्रेटरी नुकतेच म्हणाले होते, "तुमच्यासारखा माणूस असला की आम्ही निर्धास्त." आता त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची. नंतर एकटाच जाऊन गुपचूप बघून येऊ, असं मी ठरवलं.

पण हात चालेना. साडेबारा वाजून गेले होते, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. म्हणजे जेवणं होणार, आणि काकू ताट विसळायला नळाशी उभ्या राहणार. पुढच्या घरात मी एकच बटण तीनदा तपासलं. "बरं वाटत नाहीये का?" सेक्रेटरींनी विचारलं. "उकडतंय," मी म्हणालो. खालून भांड्यांचा आवाज आला की जीव वरखाली व्हायचा. आवाज थांबला की त्याहून जास्त. मला स्वतःची किळस येत होती आणि तरी मी जागचा हलत नव्हतो. त्यापुढच्या घरातल्या बाईंनी विचारलं, "अर्थिंग म्हणजे नक्की काय हो?" हातातलं सामान तिथेच टाकून मी जिन्याने पळत सुटलो. सेक्रेटरी "अहो, अहो" करत मागे.

दार काकूंनीच उघडलं. हात ओले होते.

"नळाला हात लावू नका!"

"ओरडू नका. बहिरी नाही मी."

टेस्टर नळाला टेकवला, दिवा लागला. मेन स्विच बंद करून गीझरचा सॉकेट उघडला, तर अर्थिंगची, म्हणजे बिघाड झाला तर करंट जमिनीत नेणारी वायर कुणीतरी कापून मागे दुमडलेली. बिघडलेल्या गीझरमधला करंट सरळ नळात उतरत होता.

"ज्याने वायर कापली त्याची चूक," सेक्रेटरी मला सांभाळून घेत म्हणाले.

"कापली त्याने. पण 'ठीक' मी म्हणालो. आणि तिसऱ्या मजल्यावरच मला ते कळलं होतं. पाऊण तास झाला कळून. लाज वाटली म्हणून आलो नाही."

मी त्यांच्या हातातून फाइल घेतली, 'ठीक'वर काट मारली आणि सगळी घरं पहिल्यापासून तपासायची म्हणून सांगितलं. सेक्रेटरींचा चेहरा पडला. सून भिंतीला टेकून उभी होती.

"पण आई, डॉक्टर स्वतः म्हणाले होते..." ती कशीबशी म्हणाली.

"डॉक्टरांनी नळ पाहिला नव्हता," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "यांना मी दाखवला होता."