सांडेरावांची न सांडणारी बाटली

माझ्या मेहुण्याला गेली पन्नास वर्षं सगळे सांडेराव म्हणतात, आणि हे नाव त्याने स्वतःच्या हाताने कमावलेलं आहे. माझ्या लग्नात तो पहिल्यांदा माझ्यासमोर आला तो सरबताचा पेला घेऊन. पेला माझ्या हातात पोचला, सरबत माझ्या नव्या कोटावर. "दाजी, घाबरू नका, पाण्याने जातं," असं म्हणून त्याने वरून तांब्याभर पाणीही ओतलं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता, आज अठ्ठावन्नचा आहे. कोट अजून आहे. डावीकडच्या खिशावर डागही आहे.

त्याचा उजवा हात थरथरतो. लहानपणापासूनच. डॉक्टर म्हणाले, आजार वगैरे काही नाही, हातच तसा आहे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, पोराला नाही पण त्याच्या हाताला घाई आहे. तर या घाईच्या हाताने तो माणूस प्लास्टिकच्या बाटल्या बनवायच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनवर उभा राहिला. जुन्या मशीनला हे एवढाले दांडे होते. दांडा धरला की दांडाही थरथरायचा आणि मशीनही थरथरायचं, त्यामुळे नक्की कोण थरथरतंय हे कुणाला कळायचं नाही.

मग नवं मशीन आलं. त्याला दांडे नाहीत, नुसती काच, आणि काचेवर आकडे. सांडेरावांनी एक दाबायला जावं आणि सात दाबला जावा. एके दिवशी शाम्पूच्या चारशे बाटल्या फुग्यासारख्या पातळ निघाल्या. उचलली की मान टाकायच्या. मालकीणबाईंनी त्यातली एक उचलली, तिची मान पडलेली बघितली आणि म्हणाल्या, "सांडेराव, पुढच्या महिन्यापासून तुम्ही गेटवर बसा. येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहा."

"या हाताने लिहू?" सांडेरावांनी विचारलं.

"मग नुसते बघा," मालकीणबाई म्हणाल्या.

गेटवर बसून नुसतं बघायचं, हे त्याला मुळीच पटेना. कारण त्याच्या मनात वेगळीच जागा होती. कारखान्यात खिडकीजवळ एक मोठं टेबल आहे, तिथे नव्या बाटल्यांचे आराखडे होतात. तिथे बसणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले होते आणि टेबल रिकामं होतं. सांडेरावांना सरळ रेघ मारता येत नाही, हे खरं. पण तो रेघा मारतच नाही. तो जुन्या बाटल्या कापतो, गरम सळईने एकीची मान दुसरीच्या धडाला चिकटवतो आणि नवी बाटली उभी करतो. त्याच्या घरी गेलात तर कपाटात अशा तीसेक बाटल्या दिसतील. एकीला तीन कान आहेत. कशासाठी, ते त्यालाही आठवत नाही.

त्याच आठवड्यात बस डेपोतून कारखान्याला पत्र आलं. बसच्या डिझेलमध्ये इंजिन साफ ठेवायचं औषध घालतात. वास उग्र, हाताला लागलं तर आग, रंगाला लागलं तर रंग गेला. ड्रायव्हर लोक ते ओततात तेव्हा निम्मं टाकीत जातं आणि उरलेलं बुटात. डेपोच्या मोठ्या मिस्त्रींना एक थेंबही न सांडणारी बाटली हवी होती. दोन कारखान्यांच्या बाटल्या त्यांनी परत पाठवल्या होत्या. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर पत्र वाचलं आणि म्हणाल्या, "जो ही बाटली करील, त्याला खिडकीजवळचं टेबल."

सांडेरावांनी हात वर केला. हातातलं पेन उडून मालकीणबाईंच्या चहात पडलं.

सगळा कारखाना हसला. मालकीणबाईंनी चहातून पेन काढलं, पुसलं, परत दिलं. "तीस दिवस," त्या म्हणाल्या. "जमलं तर टेबल. नाही जमलं तर गेट, आणि मग तक्रार ऐकणार नाही."

तिथून तो सरळ आमच्या घरी आला, कारण मी एकतीस वर्षं बस चालवली आणि असल्या औषधाने माझ्या सगळ्या पँटींचे गुडघे पांढरे झालेत. शिवाय आमच्या अंगणात भंगारातून आणलेली बसची एक जुनी टाकी आहे. ती मी उभी करून ठेवलीय, तोंड आकाशाकडे. झाडांना पाणी घालायला बरी पडते. ही उभी टाकी ध्यानात ठेवा, पुढे तिने आमचा घात केला.

पाण्यात निळी शाई कालवून प्रयोग सुरू झाले. निळी अशासाठी की थेंब लपून राहू नये. पहिल्या दिवशी थेंब लपून राहिला नाही. तो माझ्या चष्म्यावर होता.

"दाजी, तुम्ही फार जवळ उभे राहता," सांडेराव म्हणाला.

"मी दाराच्या आत उभा होतो," मी म्हणालो.

बाटली वाकवली की तिचं तोंड टाकीपर्यंत पोचायच्या आतच धार सुटते, हे पहिलं दुखणं. त्यावर त्याने बाटलीच्या तोंडावर एक सरकती टोपी बसवली, आत स्प्रिंग. टोपी टाकीच्या काठावर दाबली तरच तोंड उघडेल, उचलली की बंद. स्प्रिंगा आणल्या कुठून, तर आमच्या घरातल्या पेनांमधून. आठवड्याभरात घरात लिहिणारं एकही पेन उरलं नाही. माझी बायको, म्हणजे त्याची अक्का, सामानाची यादी काजळाच्या काडीने लिहायला लागली.

मग बाटली भकभक करायला लागली. टोपी उघडली की एक घोट बाहेर, मग आत हवेचा एक ढेकर, मग पुन्हा घोट, आणि प्रत्येक ढेकराला शिंतोडे. इथे मात्र माझं शिक्षण कामी आलं. शाळेत आमचे गुरुजी दिव्यांसाठी तेलाचा डबा फोडायचे तेव्हा एक भोक पाडून थांबायचे आणि विचारायचे, "आता काय होईल?" तेल गचके खात यायचं. मग समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडायचे आणि धार कशी सुतासारखी सरळ. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. हे मी सांगितलं तेव्हा सांडेराव माझ्याकडे बघतच राहिला.

"दाजी, तुम्ही सातवीपर्यंतच का शिकलात?" तो म्हणाला.

"पुढे तेलाचे डबे नव्हते," मी म्हणालो.

त्याने बाटलीत हवेसाठी एक बारीक नळी सोडली आणि भकभक थांबली. तरीही शेवटी, बाटली काढून घेताना, एक पिचकारी उडायचीच. आम्ही दोघं तीन दिवस टोपीला दोष देत होतो. अक्का वाळत घातलेले कपडे काढत होती. तिच्या पांढऱ्या चादरीवर तोवर बरंच निळं आकाश उतरलं होतं. ती म्हणाली, "टोपीचं काय घेऊन बसलास? काम संपलं की तुला घाई होते आणि तू बाटलीचा गळा दाबतोस. दाबल्यावर कोण गप्प बसेल?"

बघितलं तर खरंच. पंचवीस वेळा बघितलं, पंचवीस वेळा गळा दाबलेला. मग त्याने बाटलीला जाड, टणक मूठ लावली, म्हणजे दाबायचीच तर मूठ दाबा, बाटलीला कळणारसुद्धा नाही.

सव्विसाव्या दिवशी वर्तमानपत्र पसरून आम्ही चाळीस वेळा ओतलं. कागद कोरडा. सांडेरावांनी अंगणात मला धरून फुगडीसारखं गरगर फिरवलं. माझं वय एक्क्याऐंशी, त्याचं अठ्ठावन्न, आणि अक्का पायरीवर बसून हसून हसून डोळे पुसतेय. दम खात आम्ही चहाला बसलो आणि मी सहज म्हणालो, "इथे तोंड वर आहे म्हणून सोपं. बसचं तोंड बाजूला असतं ना, तिरकं, कमरेच्या उंचीवर. तिथे खरी मजा."

सांडेरावांनी कप खाली ठेवला. अगदी हळू. तेवढ्यातही सांडला.

"दाजी, हे तुम्ही आज सांगताय?"

"तू विचारलंस कधी? हे सगळ्यांना माहीत असतं."

"मी बसच्या आत बसतो, दाजी."

एकतीस वर्षं मी रोज त्या तिरक्या तोंडाजवळ उभा राहिलो आणि सव्वीस दिवस त्याला उभ्या टाकीवर नाचवलं. अक्का माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती मी इथे लिहीत नाही. आम्ही टाकीखाली विटा लावल्या, ती आडवी केली, तोंड तिरकं केलं आणि ओतलं. बाटली पुन्हा ढेकर द्यायला लागली. तिरकी धरल्यावर हवेची नळी कधी वर यायची, कधी पाण्याखाली बुडायची. नळी वर ठेवायची तर बाटली एकाच बाजूने धरायला हवी, आणि घाईतला ड्रायव्हर बाजू बघत नाही. मी कधी बघितली नव्हती.

"वर बाण काढू," सांडेराव म्हणाला.

"बाण कोण वाचतं?" मी म्हणालो.

अक्का इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या इस्त्रीवर कुठे बाण आहे? कुणी उलटी धरतं का तिला?"

सांडेराव उठला, तिच्या हातातून गरम इस्त्री घेतली, मुठीवर अंगठा ठेवून बघितला आणि तसाच इस्त्री घेऊन निघाला. अक्काने त्याला दारात अडवलं. दुसऱ्या दिवशी बाटलीला इस्त्रीसारखी मूठ आली होती, अंगठ्याला वर खोलगट जागा. अंगठा त्या खळग्यात आपोआप बसतो आणि नळी आपोआप वर राहते. उलटी धरायला गेलात तर हातालाच नको वाटतं.

तिसाव्या दिवशी डेपोत जायचं होतं. मी लग्नातला कोट घातला. अक्काने माझ्या डोक्याला नेहमीप्रमाणे मोगऱ्याचं तेल चोपडलं. केस उरलेत चार, पण तेल ती पूर्वीच्या हिशोबानेच लावते. आमचं आपसात ठरलं होतं की ओतायचं मी, कारण माझा हात दगडासारखा स्थिर.

मोठे मिस्त्री उंच आणि कमी बोलणारे. त्यांनी बसच्या टाकीखाली पांढराशुभ्र कपडा पसरला. बाजूला मालकीणबाई हाताची घडी घालून उभ्या. मी बाटली उचलली.

"तुम्ही केली?" मिस्त्रींनी विचारलं.

"मेहुण्याने."

"मग तेच ओततील."

"त्यांचा हात जरा..." मालकीणबाई म्हणाल्या.

"दिसतोय," मिस्त्री म्हणाले.

सांडेरावांनी बाटली घेतली. अंगठा खळग्यात बसला, आणि थरथर सुरू झाली. तोंड टाकीच्या काठावर टेकताना टकटक असा आवाज येत होता, जणू दार वाजवतोय. टोपी दबली. आतून एकसारखी धार पडायचा आवाज आला. मी कपड्यावर वाकून बघत होतो, ऊन डोक्यावर, अंगात लोकरीचा कोट. औषध संपलं, त्याने बाटली ओढली, टोपी खट्‌कन बंद झाली.

कपड्यावर मधोमध एक थेंब होता.

सांडेरावांनी मान खाली घातली. त्याला गेटवरची खुर्ची दिसत असणार. मिस्त्री खाली बसले, थेंबावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. पुन्हा एकदा नेलं. मग हळूच माझ्याकडे बघितलं.

"आजोबा, आमच्या औषधाला मोगऱ्याचा वास कधीपासून यायला लागला?"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात दुसरा थेंब माझ्या नाकावरून निघून पहिल्याशेजारी जाऊन बसला. आमचा जीव भांड्यात पडला आणि मालकीणबाई इतक्या हसल्या की त्यांना बसचा आधार घ्यावा लागला. मिस्त्रींनी एका ड्रायव्हरची टोपी माझ्या डोक्यावर घातली आणि मला दहा पावलं मागे उभं केलं.

मग सांडेरावांनी ओळीने अकरा बसमध्ये औषध ओतलं. मिस्त्रींनी पाचच सांगितल्या होत्या, पण त्याला थांबवणार कोण? कपड्यावर माझे दोन थेंब सोडून काही नव्हतं.

"आधीच्या दोघांनी पांढरे हातमोजे घातलेली माणसं आणली होती," मिस्त्री मालकीणबाईंना म्हणाले. "त्यांच्या हातून काही सांडलं नाही. माझे ड्रायव्हर थंडीच्या पहाटे कुडकुडत ओततात, त्यांच्या हातून सगळं सांडलं. मला थरथरणारा हातच बघायचा होता."

अठ्ठावन्न वर्षांत त्या हाताबद्दल हे असं कुणी बोललं नव्हतं. सांडेरावांनी तो हात दुसऱ्या हातात धरला आणि उगाच बसचा नंबर वाचत राहिला. मालकीणबाई जाताना म्हणाल्या, "सोमवारपासून खिडकीजवळ. पेन मात्र दोरीने बांधून ठेवा."

घरी आलो तर अक्काने तशाच एका कोऱ्या बाटलीत सरबत भरून ठेवलं होतं. पेल्याच्या काठावर टोपी दाबली, पेला काठोकाठ भरला, टेबलावर थेंब नाही. सांडेराव भारावून गेला. म्हणाला, "दाजी, पहिला पेला तुमचा," आणि पेला उचलून माझ्याकडे निघाला.

कोटाच्या उजव्या खिशावर आता दुसरा डाग आहे. डावीकडच्याशी अगदी बरोबर जुळतो.