सेलूच्या वावरात थांबलेले पाय

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. भूत, करणी, अंगात येणं... कुणी विषय काढला की मी उठून जायचे. तशी मी एरवीही उठूनच जायचे म्हणा, कारण मला बसवतच नसे!

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली, वर्धा अजून मध्य प्रदेशात होतं तेव्हाची. पुढच्या वर्षी माझी मॅट्रिक. बसले की पायांत वळवळ सुरू व्हायची. दुखणं नाही, मुंग्या नाहीत... आतून कुणी तरी ‘ऊठ, ऊठ’ म्हणतंय असं वाटायचं. जरा फिरून आले की बरं, बसले की पुन्हा तेच. घरचे म्हणायचे, पोरीच्या पायाला भिंगरी आहे. आई म्हणायची, बसून पाय हलवू नको, लक्ष्मी जाते. इथवर ठीक होतं.

पण बाबा कचेरीत कारकून, आणि डॉक्टर म्हणजे त्यांचं दैवत. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर टकटक केलं, ‘नसांची कमजोरी’ म्हणाले, लाल औषध दिलं आणि हुकूम सोडला — पूर्ण आराम, शाळा बंद. आराम! जिला बसवत नाही तिला पडून राहायला सांगितलं. मला रडू नाही आलं, संताप आला.

"बाबा, मले काई झालं नाई!"

"मंग डॉक्टरसायेब काय येडे हायेत? जूनपासून शाळा नाई म्हणजे नाई."

हवापालट म्हणून मला वर्ध्याजवळच्या सेलूला मामाकडे धाडलं. मामाचा भाजीपाल्याचा मळा. जुनी विहीर आटलेली, नवी खणायची होती. मी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली, हे मामीला आठवलं. पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं आणि त्याचा पाय कंबरेला लागला की उसण जाते, असं आमच्याकडे म्हणतात. मी खो खो हसले.

पण मामा हसला नाही. मला वावरभर बसवत फिरला. बाभळीखाली बसले, पाय हलले. बांधावर बसले, पाय हलले. दर वेळी मामा खूश.

"इथंच हाय पाणी!"

"मामा, माये पाय शाळेतही हलते. तिथंही खंदता का?"

वैतागून मी वावराच्या पार टोकाला गेले. तिथे नुसता मुरूम, गवतही नाही. पायातला काटा काढायला टेकले... आणि पाय थांबले. पिठाची गिरणी बंद पडल्यावर एकदम शांत वाटतं ना, तसं झालं. कित्येक महिन्यांनी पाय माझे वाटले. भर वैशाखाच्या दुपारी, तोंडावर पदर घेऊन मी तिथेच झोपले.

"अवो, पोट्टी बसली!" मामी ओरडली. "बसलीच राह्यली!"

सगळीकडे हलणारे पाय इथेच थांबले, म्हणजे पाणी इथेच, असं म्हणत मामाने तिथे दगड ठेवला, आणि खोदकाम सुरू झालं.

रविवारी बाबा आले नि भडकले. "बिमार पोरीच्या पायावर इहीर खंदून राह्यले तुमी?"

"भाऊजी, पाणी लागलं त मंग तिले बिमार म्हणू नका."

"अन् नाई लागलं त?"

मामाच्या आधी मीच म्हणाले, "नाई लागलं त मी शाळेचं नाव काढणार नाई."

बोलून तर बसले! पण मुरमाखाली काळा दगड लागला. रोज नुसता भुगा वर यायचा. खणणारे माझ्याकडे बघून हसायचे. मी काठावर बसून राहायचे, माझी शाळा त्या खड्ड्यात होती. पाय मात्र हलत नव्हते.

पुढे बाबा पुन्हा आले त्या दुपारी खालून आरडाओरडा झाला. पहारीच्या घावासरशी पाणी उसळलं होतं! गढूळ पाण्याची पहिली बादली वर आली. ती धरायला सगळ्यांत आधी कोण धावलं? बाबा! वाकले, बादली उचलली... आणि "आई गं!" करून तसेच राहिले. कंबरेत उसण भरली होती.

मामी तोंडाला पदर लावून म्हणाली, "पायाळू त घरातच हाय."

बाबा पांढऱ्या सदऱ्यानिशी मातीत पालथे झाले. "लाव पाय."

"बिमार पोरीचा पाय चालते काय, बाबा?"

बाबांनी मातीवर मूठ आपटली.

"शाळेत जाजो! जूनपासून जाजो! आता लाव!"

बापच तो, म्हणून आधी हात जोडले. मग लावला पाय, चांगला दणकून. बाबा उठले, सरळ उभे राहिले आणि ती बादली त्यांनी स्वतः उचलली. मी वावरभर नाचले.

मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले, जन्मभर वर्गात उभी राहून शिकवलं. आता या वळवळीला मोठं इंग्रजी नाव आहे म्हणे, आणि गोळीही. ज्यांची झोप उडते त्यांनी जरूर घ्यावी. पण अंगातली प्रत्येक खोड म्हणजे रोग, हे मला अजूनही पटत नाही. भूगोलाचे एक प्राध्यापक म्हणाले, तिथे पाणी लागलं हा योगायोग. उसण गेली तो मनाचा खेळ. असेल! पण पहिली कुदळ पडायच्या आधीच माझे पाय तिथे का थांबले? हे लिहितानाही टेबलाखाली पाय हलताहेत. त्या विहिरीच्या काठावर बसले की मात्र अजूनही थांबतात.

बाबा शेवटपर्यंत लोकांना सांगायचे, "पोरीले नसांची कमजोरी हाय." आणि त्यांची कंबर धरली की आतून हाक यायची, "सुमे, पाय आण!"