झुंबरबाईनं सही अडवली

गोड बोलणं झुंबरबाईच्या पत्रिकेतच नाही. साठी ओलांडली तरी कुणाशी भांडल्याशिवाय तिचा दिवस मावळत नाही. तिच्या घरासमोरच माझं शिलाईचं दुकान, म्हणून त्यातली निम्मी भांडणं माझ्या वाट्याला येतात. पाणी समितीवर तिला घेतलं तेही दुसरी कुणी बाई तयार होईना म्हणून. गावानं आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, असं मी तेव्हाच म्हणालो होतो.

आमचं गाव शहागडपासून आत, अंबड तालुक्यात. फेब्रुवारी सरला की विहीर तळ दाखवते आणि गोदाकाठाहून सरकारी टँकर सुरू होतो. तो यायचा अकराच्या सुमाराला, आणि विहिरीत ओतलेलं पाणी तासाभरात उपसून संपायचं. मोठी माणसं तेव्हा रानात असतात, म्हणून विहिरीवर घागरी घेऊन उभ्या राहायच्या त्या पोरी. पोरं मात्र शाळेत. मार्च लागला की वर्गातली मुलींची बाजू ओस पडायची.

मुली येत नाहीत हे वरच्या कार्यालयाला कळलं. मग फलक आले, पत्रकं आली, 'लेक शिकवा' म्हणून फेरी काढायचा आदेश आला. फेरीत चालायला पोरी आणायच्या कुठून? शेवटी शाळेच्या साधना मॅडमनी विहिरीवरच जाऊन, घागरी बाजूला सारून फोटो काढला आणि पाठवून दिला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! मॅडमचा मला राग नाही. टँकरची वेळ बदला, असं त्यांनी वर लिहिलं होतं. टँकर हा शिक्षण विभागाचा विषय नाही, असं उत्तर आलं.

झुंबरबाईची नात मीना आठवीत होती. टँकर सुरू झाल्यापासून तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. तिचा बाप भारत, म्हणजे झुंबरबाईचा थोरला, माझ्या दुकानात बसून म्हणाला, "नुसती नावाला शाळा करून राह्यली काका ती. स्थळ आलंय. बुधवारी पाहुणे बघायला येणार हायेत. जमलं तर उरकून टाकतो."

चौदा वर्षांची पोर! माझं टाळकंच सरकलं. मी त्याला कायदा सांगितला.

"कायदा पाणी भरतो का काका?" तो म्हणाला आणि उठून गेला.

आता टँकरच्या सह्यांचं सांगतो. प्रत्येक खेपेला समितीतल्या दोन बायांनी सही करायची असा नियम. पण रोज उन्हात विहिरीवर कोण जाणार? म्हणून झुंबरबाई आणि पुष्पाबाई सोमवारीच आठवड्याच्या सगळ्या सह्या करून मोकळ्या व्हायच्या. सह्या हातात पडल्यावर टँकर कधी यावा हे गावाच्या हातात कसं राहणार?

त्या सोमवारी पुष्पाबाईनं सही केली. झुंबरबाईनं पेन घेतलाच नाही.

"पाणी वतू नको," ती ड्रायव्हरला म्हणाली. ड्रायव्हर आमिर, शहागडचाच. "आधी सांग, आमच्याइथून कुठं जातो?"

"परत भरून पलीकडच्या वस्तीवर, मावशी. पोहोचायला पाच वाजत्यात."

"वस्तीवरच्या बाया रानात जायच्या आधी पाणी मागून राह्यल्या, अन् आमच्या पोरी पाचला शाळंतून सुटत्यात. मंग तिकडं सकाळी जा, इकडं पाचला ये. बराबर का न्हाई?"

"बराबर हाये. पण रूट वरून मंजूर होऊन येतो. बदलायला प्रस्ताव लागतो."

"तो मंजूर होईस्तवर पाऊस पडंल."

"मंग मी काय करू?"

"मंग सही बी पाऊस पडल्यावर घे."

आमिरनं हात जोडले. सही नसली तर खेप धरत नाहीत, टँकरचा ठेकेदार कामावर ठेवायचा नाही, असं तो सांगत होता. झुंबरबाई हलली नाही. भरलेला टँकर गावाच्या डोळ्यांदेखत मागं फिरला.

मग गाव तिच्या दारात आलं. सरपंच रामकिसन म्हणाला, "अक्का, समितीतून काढून टाकू तुला."

"काढ. ग्रामसभा बोलव अन् जल्दी काढ," ती म्हणाली.

कुणीतरी तिच्या ओट्यावरचे रांजण काठीनं फोडले. पुष्पाबाई रडत आली, तिच्या घरी ओली बाळंतीण होती. झुंबरबाईनं घरातला पाण्याचा ड्रम तिच्या घागरीत पालथा केला. मीही संतापलो होतो. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही हे खरं, पण तिनं दाबलं होतं ते आमचंच नाक.

मंगळवारी टँकर आलाच नाही. बुधवारीही अकरा वाजून गेले. टँकर नाही म्हणून पोरी शाळेत गेल्या होत्या. मीनाला तर आजीनं पाहुणे यायच्या आधीच पिटाळलं होतं.

आणि पाहुण्यांची जीप आली.

आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला आधी पायांवर पाणी, मग प्यायला तांब्या, आणि मग बोलणं. सोयरिकीची माणसं असली तर विचारायलाच नको. भारतच्या घरात थेंब नव्हता. तो तांब्या घेऊन दारोदार फिरू लागला. "आईला माग की!" लोक म्हणायचे आणि दार लोटून घ्यायचे. शेवटी तो माझ्याकडं आला.

"काका, एक तांब्या द्या. इज्जत राखा."

मशीनमागं माझा माठ होता. अंबडहून जार मागवला होता, त्यातला अर्धा माठ शिल्लक होता. समोर ओट्यावर झुंबरबाई बसली होती. तिनं खूण केली नाही, काही नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली.

"रिकामा आहे रे," मी म्हणालो.

भारतनं माठाकडं पाहिलं. माठ बाहेरून ओलागार होता. त्यानं हात पुढं केला असता तर मी काय केलं असतं, मला अजून सांगता येत नाही. पण तो मागं वळला.

पाहुण्यांतला म्हातारा उठून उभा राहिला. "घोटभर पाणी न्हाई त्या घरची पोर आमी काय म्हणून करावी?" असं म्हणून तो जीपमध्ये जाऊन बसला.

जीप गेल्यावर भारत आईवर धावून आला. "मुद्दाम केलं तू!"

"केलं," झुंबरबाई म्हणाली. "पुन्हा कुणी आलं तर पुन्हा करीन."

त्याचा हात वर गेला होता. मी दुकानातून उठून मध्ये उभा राहिलो, तेव्हा तो खाली आला. पाहुणे टळले म्हणून मला बरं वाटत होतं, पण पाण्याचं काय? टँकर कायमचाच बंद झाला, असं सगळे बोलत होते. बाया तिला तोंडावर शिव्या देत होत्या, आणि पहिल्यांदाच ती कुणाला उलटून बोलली नाही.

शाळा सुटायच्या वेळेला टँकरचा आवाज आला, वस्तीच्या बाजूनं.

"वस्तीवरच्या बायांनी सकाळीच अडवलं," आमिर खाली उतरत म्हणाला. "म्हणाल्या, आमाला याच वेळंला पाहिजे. मंग म्हटलं चला. गाडीतल्या जीपीएस मशीनमधी दोन्हीकडं गेलो एवढंच दिसतं, आधी कुठं गेलो ते कोण बघून राह्यलं?"

झुंबरबाईनं सही केली. एकाच खेपेची.

दप्तरं पाठीला अडकवलेल्या पोरी शाळेतून तशाच विहिरीवर आल्या. रानातून परतलेल्या बायाही आल्या. भारत दोन घागरी घेऊन रांगेत उभा होता. आईकडं न बघता त्यानं आमिरला विचारलं, "उद्या कवा येणार?"

"आता रोज पाचलाच."

भारतनं घागरी खाली ठेवल्या. मग मीनाकडं वळून, रागानंच म्हणाला, "मंग उद्या शाळंत जा. पाच वाजेस्तवर घरी बसून काय करणार हायेस?"